पुलियावरच्या माणसाची नोंद

मुकुंदराव डिगरसे यांनी सौंसरच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पृथ्वीवर आपल्याला दुरुस्त करण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही. तरी ते जमेल तेवढं करत. पांढुर्ण्याचं अंतर दोन किलोमीटर कमी दाखवणाऱ्या पाटीबद्दल त्यांनी दोन अर्ज दिले होते, आणि दोन्ही अर्जांची पोच फाइलला लावलेली होती. त्यामुळे श्रुती सकाळच्या चहाला म्हणाली, "बाबा, मला आपल्याकडचे रस्त्याचे फोटो लागून राहिले," तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत त्यांनी कप खाली ठेवला.

श्रुती त्यांची धाकटी. पुण्याच्या एका कंपनीचं काम ती घरूनच, मागच्या खोलीत बसून करायची. हे काम नेमकं काय आहे ते मुकुंदरावांनी आजवर विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे उघड झालं असतं.

"एक रस्ता साफ उन्हात काढायचा," श्रुतीनं सांगितलं. "मग कॉम्प्युटर त्याच रस्त्यावर पाऊस पाडते, धुकं आणते, धूळ उडवते. असे हजारो फोटो गाडीच्या कॅमेऱ्याला दाखवायचे. मग गाडी शिकते, अशा मौसमात काय कसं दिसते ते."

"म्हणजे न पडलेला पाऊस."

"हाव."

"आणि गाडी त्याच्यावर विश्वास ठेवते?"

"गाडीला काय माहीत, बाबा."

मुकुंदरावांना हे शिक्षणाच्या दृष्टीनं गैर वाटलं. खोटा पाऊस दाखवून कोणालाही, मग ती मोटार का असेना, शिकवू नये असं त्यांचं मत होतं. पण मोठ्या शहरांचे रस्ते कंपनीकडे भरपूर होते. संत्र्याचे टेम्पो, कापसाच्या बैलगाड्या आणि रस्त्यात बसून रवंथ करणाऱ्या गाई नव्हत्या. हे सगळं सौंसरला मुबलक होतं, आणि त्याचा अभ्यास मुकुंदरावांइतका कोणाचा नव्हता.

दुसऱ्या कोणी फोन काढून फोटो घेतले असते. मुकुंदरावांच्या पत्नी अलकाताई एवढंच म्हणाल्या, "रस्ता सरकारी आहे, विचारून घ्या एकदा," आणि मुकुंदराव विचारून घेणाऱ्यांपैकी होते. पहिल्या दफ्तरात कळलं की हा रस्ता त्यांचा नाही. दुसऱ्या दफ्तरात कळलं की रस्ता त्यांचा आहे पण त्याच्या कडा पहिल्या दफ्तराच्या आहेत. तिसऱ्या ठिकाणी एका बाबूनं आवेदन शेवटपर्यंत वाचलं, आणि हीच मोठी अडचण झाली.

"इथं लिहिलं आहे, धुक्याचे फोटो. सर, ऊन तर कडक पडून राहिलं."

"धुकं नंतर यंत्र टाकते."

"म्हणजे नकली धुकं."

"तसं म्हणा."

बाबूनं चष्मा काढला. "नकली वस्तूची परवानगी आम्ही देत नाही, सर. अस्सल धुकं पडलं का या."

शेवटी परवानगीवाचूनच निघायचं ठरलं, आणि हा मुकुंदरावांच्या आयुष्यातला पहिला गुन्हा होता. कॅमेरा मोटारीच्या काचेइतक्या उंचीवर हवा, म्हणून स्कूटर बाद झाली. समोरच्या घरात राहणारे भैय्याजी मोटारपंप दुरुस्त करत आणि त्यांच्याकडे पांढरी व्हॅन होती. व्हॅन मी चालवणार, या एका अटीवर त्यांनी ती दिली. त्या अटीचा अर्थ रस्त्यावर कळला. भैय्याजींना पांढुर्ण्यापर्यंत ओळखीचा नाही असा माणूस भेटत नव्हता, आणि प्रत्येकाजवळ ते थांबत. चारशे बारा फोटोंपैकी अडतीस फोटोंत भैय्याजींचे साडू हात हलवताना आले.

फक्त एका जागी भैय्याजी थांबले नाहीत. सौंसर सोडल्यावर सात-आठ किलोमीटरवर रस्ता एका खोलगट भागात उतरतो, तिथं नाल्यावर लहानशी पुलिया आहे, दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे. दुपारचे बारा वाजले होते. सावली म्हणून कुठं नव्हती. पुलिया पार होईपर्यंत भैय्याजी गप्प बसले, आणि ही गोष्ट इतकी दुर्मीळ होती की मुकुंदरावांनी वळून पाहिलं.

"इथं नाही थांबत मी," भैय्याजी म्हणाले.

"काहून?"

"असंच."

पाच दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, श्रुतीनं मागच्या खोलीतून हाक मारली. तिचा आवाज नेहमीचाच होता, पण तिनं हाक दोनदा मारली.

"बाबा, पुलियावर कोण उभं होतं?"

"कोणी नाही."

तिनं मूळ फोटो दाखवला. पांढरं ऊन, पुलियाचे कठडे, मोकळा रस्ता. मग तिनं त्याच फोटोचं धुक्यातलं रूप लावलं. डाव्या कठड्याच्या टोकाशी एक माणूस उभा होता. हातात पिशवी, मान थोडी पुढं काढलेली, रस्ता ओलांडायच्या आधी माणूस उभा राहतो तसा. चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. पावसाच्या फोटोत तोच माणूस, तिथंच, अंगावरून पाणी निथळत असलेला. धुळीच्या फोटोत तोच.

"यंत्र चुकलं असेल," मुकुंदराव म्हणाले.

"चुकते. लाखो फोटो पाहिलेले असतात ना त्यानं, जिथं नीट दिसत नाही तिथं मनानं काही भरते. कुठं खांब, कुठं झाड." श्रुतीनं पुढचा फोटो लावला, मग त्याच्या पुढचा. "पण हे पाहा."

पुलियाजवळचे सत्तावीस फोटो होते. व्हॅन जसजशी जवळ गेली होती, तसतसा तो माणूस मोठा होत गेला होता, अगदी जितका व्हायला हवा तितका. मुकुंदरावांनी पट्टी मागितली. कठड्याची उंची त्यांना पाठ होती; पडद्यावर पट्टी लावून त्यांनी प्रमाण काढलं. पहिल्या फोटोत उंची आली पाच फूट पाच इंच. नवव्यात पाच फूट पाच इंच. सत्ताविसाव्यात, जिथं तो खिडकीच्या इतका जवळ होता की त्याच्या पिशवीची शिवण दिसत होती, तिथंही पाच फूट पाच इंच. बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं इतका बिनचूक नकाशा काढला नव्हता. मुकुंदरावांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि हात धोतराला पुसले, हाताला काही लागलेलं नसताना.

अलकाताई चहा घेऊन आल्या. पडद्याकडे बघून सहज म्हणाल्या, "अण्णा इथं काय करून राहिले?" आणि मग ट्रे हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये असं मुकुंदरावांनी बजावलं. फोटो कंपनीचे होते. पण अलकाताईंनी ते फक्त अर्चनाला सांगितलं, अर्चना म्हणजे मागच्या गल्लीतली शिक्षिका, आणि अर्चनानं फक्त सासूला. दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आमच्या घरचे आहेत. पिशवी तीच." भैय्याजींना त्यात आपला जुना भागीदार दिसला. आठवडा संपेपर्यंत ओसरीवर चपलांची रांग लागायला लागली. ज्याच्या घरातून कोणी तरी एक दिवस पिशवी घेऊन निघालं आणि परत आलं नाही, असा प्रत्येक जण येऊन गेला; आणि असं घर कोणतं नव्हतं, हा प्रश्न मुकुंदरावांना प्रथमच पडला.

सल्लेही आले. कोणी म्हणालं, कॉम्प्युटर जामसांवलीला मारुतीच्या पायाशी ठेवून आणा. कोणी लिंबू बांधायला सांगितलं, आणि तारेला बांधायचं की पडद्याला यावर ओसरीत अर्धा तास चर्चा झाली. भैय्याजी मोटारपंपांतले जाणकार असल्यानं त्यांचं म्हणणं पडलं की अर्थिंगचा दोष आहे. मुकुंदराव प्रत्येकाला सांगत, हा यंत्राचा भ्रम आहे, याला काही अर्थ नाही. लोक आदरानं ऐकत, चहा पीत, आणि जाताना पडद्याला नमस्कार करत. आठवड्यात चहापत्ती तीनदा संपली.

मुकुंदरावांच्या मनाला एक गोष्ट मात्र लागली होती, आणि ती ते कोणाला बोलून दाखवू शकत नव्हते. इतक्यांना त्या धुक्यात आपलं माणूस दिसत होतं. त्यांना एकट्याला दिसत होता तो कोणी अनोळखी इसम, ज्याची उंची त्यांना माहीत होती आणि नाव नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खरंच धुकं पडलं. बाबूच्या भाषेत अस्सल. मुकुंदरावांनी कानटोपी घातली, पिशवीत टेप, वही आणि पेन्सिल घेतली, आणि सकाळी सातच्या बसनं निघाले. त्या जागी एखादा ठोकळा, वाळकं खोड, काही तरी असणार ज्याच्यावरून यंत्राला माणूस सुचला, असा त्यांचा तर्क होता. कंडक्टरनं पुलियावर उतरायचं कारण विचारलं. "मोजमाप," ते म्हणाले, आणि कंडक्टरनं पुढं विचारलं नाही.

बस दिसेनाशी झाली, मग तिचा आवाजही गेला. धुकं नाल्यातून वर येऊन रस्त्यावर बसलं होतं. बगीच्यात संत्र्यांवरून पाणी ठिबकत होतं, पण ते नेमकं कुठून ठिबकतं ते कळत नव्हतं. आवाज एकदा डावीकडून येई, एकदा अगदी कानामागून. मुकुंदराव डाव्या कठड्याच्या टोकाशी गेले. तिथं ठोकळा नव्हता, खोड नव्हतं. गवत होतं. त्या गवतात दोन पावलं मावतील एवढी जागा दबलेली होती, आणि बाकी सगळ्या गवतावर दंव होतं, तिथं नव्हतं.

जनावर बसून उठलं असेल, असं त्यांनी वहीत लिहिलं. मग कोन बरोबर यावा म्हणून ते स्वतः त्या जागेवर उभे राहिले.

तिथं उभं राहिल्यावर त्यांना समजलं की पलीकडची कड दिसत नाही. रस्ता जेमतेम अठरा फुटांचा होता, आणि त्याची दुसरी बाजू नव्हती. ओलांडायचं असेल तर माणसानं आधी कान द्यायचे, मग थोडं पुढं वाकायचं, मान काढून. त्यांनी तसं केलं. आणि आपण नेमके कोणासारखे उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. मागं कोणी तरी श्वास घेतल्यासारखं वाटलं. ते वळले नाहीत. बत्तीस वर्षं त्यांनी वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिलं होतं, आणि मागं कोण आहे ते न वळता त्यांना कळत असे.

इतक्यात धुक्यातून दोन पिवळे दिवे आले. पांढरी व्हॅन होती, भैय्याजी तिगावला बहिणीकडे निघाले होते. व्हॅन थांबली. मुकुंदरावांना इतका धीर आला की त्यांनी पिशवीचा हात वर केला आणि शक्य तितक्या शांत आवाजात म्हणाले, "भैय्याजी, मी आहे."

व्हॅन जशी आली होती तशी, तोंड न वळवता, मागं मागं जात धुक्यात नाहीशी झाली.

दुसऱ्या बसनं घरी येईस्तोवर गावभर झालं होतं की भैय्याजींना पुलियावर तो दिसला, आणि त्यानं नावानं हाक मारली. मुकुंदराव तसेच समोरच्या घरी गेले. भैय्याजी घोंगडी पांघरून ऊन खात बसले होते.

"तो मी होतो," मुकुंदराव म्हणाले. निवृत्त शिक्षकाला असं वाक्य बोलावं लागावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"तुम्ही होते हे मला दिसलं, सर. कानटोपीवरून ओळखलं." भैय्याजी घोंगडीचं टोक बोटांनी कुस्करत राहिले. "तुमच्या मागं कोण होतं?"

मुकुंदरावांनी घरी येऊन वही कपाटात ठेवली. त्या दिवशी त्यांनी कोणालाच सांगितलं नाही की हा यंत्राचा भ्रम आहे.

सगळं गाव येऊन गेलं, पण रोज सकाळी घरी दूध घालणाऱ्या कलाबाईंनी तो फोटो पाहिला नव्हता. त्यांचं शेत त्या रस्त्यालाच होतं. शनिवारी दूध मापून झाल्यावर त्या उंबऱ्यापाशी थांबल्या. "बाई, मले दाखवता का?"

श्रुतीनं कॉम्प्युटर उचलून बाहेर आणला. कलाबाईंनी पुष्कळ वेळ पाहिलं. बाकीचे पाहताक्षणी नाव घेत. कलाबाईंनी घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "हा मोटारीले दिसते का?"

"म्हणजे?"

"तुमी मोटारीले शिकवून राहिल्या ना. मंग त्या मोटारीले हा माणूस दिसन का?"

श्रुती जरा गोंधळली. मग तिनं सांगितलं. मूळ फोटोत प्रत्येक वस्तूभोवती चौकट काढून नाव लिहिलेलं असतं. गाय, खांब, माणूस. रस्ता तोच असतो, म्हणून धुक्याच्या फोटोलाही त्याच चौकटी आपोआप लागतात. मूळ फोटोत पुलियावर कोणी नाही, म्हणून इथं चौकट नाही.

"म्हणजे नोंद नाही त्याची."

"नाही."

"मंग मोटार थांबनार नाही."

"नाही थांबणार, मावशी," श्रुती सावकाश म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. "उलट ती असं शिकेल, का धुक्यात असं काही दिसलं तर ते माणूस नसते."

कलाबाईंनी पदर सारखा केला. "आमच्या पंकजचे बाबा त्याच पुलियावर गेले. अकरा वर्सं झाले. धुई होती अशीच. डायवर म्हने, मले दिसलाच नाही. कचेरीत बी तेच लिहून घेतलं. दिसला नाही. तेवढंच लिहिलं त्याहीनं."

अलकाताई जवळ येऊन बसल्या. "हे तेच आहेत का, कलाबाई?"

"नाही बाई. त्याहीची पिशवी अशी नोती." त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "पन कोनी तरी हाय ना."

मुकुंदराव दारामागं उभे होते. अनोळखी माणसाची ओळख लागल्याशिवाय त्याला जमेत धरायचं नाही, असं आपण इतके दिवस का धरून बसलो होतो, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. ते बाहेर आले आणि म्हणाले, "श्रुती, तुझ्या मॅडमला फोन लाव."

उर्वशी मॅडम पुण्याहून बोलत होत्या. फोटो सोमवारी हवे होते. मुकुंदरावांनी स्वतःची ओळख छायाचित्रकार अशी करून दिली.

"सर, मूळ फोटोत तिथं कोणीच नाही ना," मॅडम म्हणाल्या. "ते फोटो काढून टाका, नाही तर तसेच राहू द्या. एवढ्याशानं फरक पडत नाही."

"मूळ फोटोत नाही, हे खरं. पण गाडी मूळ फोटो पाहणार नाही. ती हा पाहणार, आणि ह्यात माणूस आहे."

"तो खरा नाही, सर."

"मॅडम, धुकंही खरं नाही. त्याची तुम्ही नोंद करता."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट ऐकू आला. मग मॅडम म्हणाल्या, "मग प्रत्येक फोटोत हातानं चौकट काढावी लागेल. सोमवारपर्यंत."

सत्तावीस फोटो, प्रत्येकाची बारा रूपं. तीनशे चोवीस चौकटी. रविवारी सकाळपासून घरातली तिघं पाळीपाळीनं बसली. मुकुंदराव चौकट अशी काढत की रेघ खांद्याला टेकेल पण आत शिरणार नाही. अलकाताईंची चौकट थोडी सैल पडे, अंगावर शाल टाकल्यासारखी. श्रुतीनं ती तशीच राहू दिली. दर चौकटीवर एकच शब्द लिहायचा होता, आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो तीनशे चोवीस वेळा लिहून झाला. माणूस.

फोटो पुण्याला गेल्यावर तीन आठवडे ओसरीवर कोणी आलं नाही. पुढच्या फोटोंत पुलिया नव्हती. लोक हळूहळू विसरले, चहापत्ती एकदाही संपली नाही, आणि भैय्याजी तिगावला लांबचा वळसा घालून रेल्वेनं जायला लागले.

मग एका सकाळी पुण्याहून चित्रफीत आली, सोबत तक्रार. गाडीची कॉम्प्युटरवर चाचणी घेतली होती, त्याच रस्त्यावर, नव्यानं टाकलेल्या धुक्यात. श्रुतीनं वडिलांना बोलावलं. या वेळी यंत्रानं धुक्यात कोणी काढलेलं नव्हतं. तिनं एकेक चित्र थांबवून तपासलं होतं. रस्ता पूर्ण मोकळा होता.

गाडी उतारावर आली. पुलिया दिसायला लागली तसा वेग कमी झाला, आणि पुलियाच्या अलीकडे गाडी उभी राहिली. डाव्या कठड्याच्या टोकाशी, नुसत्या पांढऱ्या धुक्यावर, एक बारीक हिरवी चौकट उमटली. वर लिहिलेलं होतं, माणूस. चौकटीच्या आत काहीच नव्हतं. ती थोडा वेळ तिथंच राहिली, मग हलली. हातात ओझं असलेला माणूस चालतो त्या चालीनं ती रस्त्यावर आली, रस्त्याच्या मधोमध एकदा थांबली, आणि पुढं सरकत सरकत पलीकडच्या बगीच्याच्या कडेला पोचली. तिथं ती विझली. इतका वेळ गाडी उभी होती. मग निघाली.

"मोकळ्या रस्त्यावर गाडी विनाकारण चौदा सेकंद थांबते, असं त्यांचं म्हणणं आहे," श्रुती म्हणाली. "कारण शोधून दुरुस्त करून पाठवा म्हणतात."

मुकुंदरावांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा पाहताना त्यांच्या मागं अलकाताई येऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्याही मागं, दुधाची बरणी कमरेवर घेतलेल्या कलाबाई. चौकट बगीच्याला पोचली आणि विझली.

"गेला बाप्पा पलीकडं," कलाबाई म्हणाल्या. मग अलकाताईंकडे वळून, "भांडं आना बाई, मले अजून चार घरं हायेत."

त्या गेल्यावर श्रुतीनं विचारलं, "काय लिहू, बाबा?"

मुकुंदराव खुर्चीत सरळ बसले. आयुष्यभर त्यांनी चुका शोधल्या होत्या आणि त्या कळवल्या होत्या.

"लिही," ते म्हणाले, "तपासणी केली. दोष आढळला नाही."